दात खरा, पण कुठला?

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात शंख, शिंपले, गारगोट्या यांच्या जोडीला कधी कधी एखादा काळपट, जड दात ठेवलेला असतो. त्याच्या चिठ्ठीवर 'प्राचीन प्राण्याचा दात' एवढेच लिहिलेले असते. पुष्कळदा तेही नसते. कोणा विद्यार्थ्याला तो नदीकाठी सापडलेला असतो, तर कधी कोणाच्या परदेशातील नातेवाइकांनी तो भेट म्हणून दिलेला असतो. अलीकडे आणखी एक वाट खुली झाली आहे. मोरोक्को किंवा अमेरिकेत सापडलेले जीवाश्म दात घरबसल्या विकत मागवता येतात आणि सोबत 'अस्सल' असल्याचे प्रमाणपत्रही मिळते. मग वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, हा खरा आहे का?"

प्रश्न एकच दिसला तरी त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. ही वस्तू दात आहे का? दात असेल तर तो जीवाश्म आहे का? जीवाश्म असेल तर कोणत्या प्राण्याचा? आणि तो नेमका कुठे, कोणत्या थरात मिळाला? हौशी संग्राहक पहिल्या तीन प्रश्नांवर बरीच मेहनत घेतात. चौथा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारतच नाही, आणि दाताचे शास्त्रीय मोल तर त्यावरच सर्वांत अधिक अवलंबून असते. हे चारही प्रश्न आपण क्रमाने पाहू.

दातच इतके का टिकतात?

प्राणी मेल्यावर त्याचे मांस कुजते, हाडे कोल्हे-कुत्री फोडतात, उरलेली ऊन-पावसाने झिजतात. दात मात्र राहतो. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. दाताचे बाहेरचे चकचकीत आवरण म्हणजे दंतवल्क, ज्याला आपण इनॅमल म्हणतो. वजनाने सुमारे ९६ टक्के इनॅमल खनिजाचे असते. हे खनिज म्हणजे ॲपेटाइट, कॅल्शियमचे एक फॉस्फेट. हाडात खनिजाचे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास असते, बाकीचा भाग प्रथिने आणि पाणी. म्हणजे दाताचे आवरण प्राणी जिवंत असतानाच जवळजवळ दगड असते!

दुसरे कारण संख्येचे. आपल्याला जन्मभरात दातांचे दोनच संच मिळतात. शार्क माशाचे, म्हणजे कोकणातल्या मुशीच्या मोठ्या भाऊबंदांचे, दात आयुष्यभर पडतात आणि मागच्या रांगेतून नवे पुढे येतात. एक शार्क आपल्या आयुष्यात हजारो दात टाकतो. मगरी आणि डायनोसॉर यांचेही दात असेच पुन:पुन्हा येत. म्हणूनच जीवाश्मांच्या बाजारात शार्क आणि सरीसृप यांचे दात भरपूर दिसतात, सस्तन प्राण्यांचे कमी.

दात पाहून प्राणी ओळखण्याची विद्याही जुनी आहे. माल्टासारख्या ठिकाणी खडकांत सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांना युरोपात शतकानुशतके 'जिभेचे दगड' म्हणत. ते आकाशातून पडतात असेही काहींचे मत होते. इ. स. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे डोके फ्लॉरेन्सला आणले गेले. निकोलस स्टेनो या वैद्याने त्याचे विच्छेदन केले, दात बारकाईने पाहिले आणि दुसऱ्या वर्षी लिहिले, की ते 'जिभेचे दगड' म्हणजे शार्कचे दातच होत. समुद्रातील माशाचे दात जमिनीवरच्या खडकात कसे गेले, या विचारातून पुढे त्याने स्तरित खडकांचे नियम मांडले. भूविज्ञानाच्या पायाचा एक दगड असा दाताचा आहे.

पहिला प्रश्न : दात आहे का?

महाराष्ट्रातील शिक्षकांनी एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टचा आहे. हा खडक लाव्हा थिजून झालेला असल्यामुळे त्याच्या अंगात दात सापडणे जवळजवळ अशक्यच. पण बसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे टोकदार स्फटिक वाढतात. त्यांचा आकार सुळ्यासारखा असल्यामुळे खनिजांचे संग्राहक त्यांना 'कुत्र्याचा दात' याच अर्थाच्या नावाने ओळखतात. विहीर खणताना असा स्फटिक निघाला की तो 'दात' म्हणून शाळेत येतो.

फरक ओळखणे अवघड नाही. स्फटिकाला सपाट पैलू आणि त्यांमध्ये सरळ कडा असतात, तो फुटला तरी सपाट तुकड्यांतच फुटतो. सुट्या पडलेल्या कपच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास कॅल्साइट जोराने फसफसतो. हे आम्ल खऱ्या दातावर मात्र कधीही टाकू नये; त्यात ॲपेटाइट विरघळतो आणि नमुना खराब होतो.

दाताची खूण म्हणजे त्याचे थर. दहापट भिंगातून पाहिले असता बाहेरचे गुळगुळीत इनॅमल आणि आतील फिकट, निस्तेज दंतिन यांमधली सीमा स्पष्ट दिसते. शिखर आणि मूळ यांचा पोत वेगळा असतो. तुटलेल्या भागी बहुधा मगजाची पोकळी दिसते. दातासारखा घासला गेलेला गोटा कितीही हुबेहूब असला तरी तो आतबाहेर एकसारखाच असतो.

दुसरा प्रश्न : जीवाश्म आहे का?

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या दातांत गाई, म्हशी आणि घोडे यांचे अलीकडचे दातच अधिक असतात. ते काळे असतात, जड वाटतात, आणि आणणाऱ्याची खात्री असते की ते लाखो वर्षांपूर्वीचे आहेत. येथे रंगावर विसंबून चालत नाही. दाताचा रंग त्याचे वय सांगत नाही, तो ज्या मातीत पडला होता तिचा स्वभाव सांगतो. लोह आणि मँगनीज असलेल्या चिखलात अलीकडचा दातही काळवंडतो, तर लाखो वर्षांचा दात चुनखडीत पांढुरका राहू शकतो.

तापलेल्या सुईची चाचणी जुनी आहे. दाताच्या मुळाशी, न दिसणाऱ्या जागी, लाल झालेली सुई क्षणभर टेकवावी. केस जळल्यासारखा वास आला तर प्रथिन शिल्लक आहे, म्हणजे दात बहुधा अलीकडचा. वास आला नाही तर प्रथिन उरलेले नाही इतकेच समजावे. त्यावरून वयाचा आकडा काढू नये. हीच सुई रेझिनच्या नकली दातावर टेकवली तर तेथील पृष्ठभाग मऊ पडतो आणि प्लॅस्टिकचा वास येतो. दात जिभेला लावून चिकटतो का ते पाहण्याची पद्धतही काही जण सांगतात. मातीतून काढलेली वस्तू तोंडाला लावणे बरे नव्हे, आणि ती चाचणी विश्वसनीयही नाही. विद्यार्थ्यांना ती शिकवू नये.

शाळेत सहज करता येण्याजोगी आणि नमुन्याला इजा न करणारी चाचणी घनतेची आहे. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. दात दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा बाजूंना टेकणार नाही असा धरावा. काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घनसेंटिमीटर दाताचे आकारमान. समजा, दाताचे कोरडे वजन ४८ ग्रॅम आहे आणि काटा १७ ग्रॅम दाखवतो. ४८ भागिले १७, म्हणजे घनता सुमारे २.८. शुद्ध ॲपेटाइटची घनता ३.१ ते ३.२ असते; दाताच्या पोकळ्या आणि त्यांत शिरलेली वाळू यांमुळे ती थोडी उतरते. निव्वळ रेझिनची घनता १.२ च्या आसपास भरते. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला याहून चांगले निमित्त कोणते? मात्र वाळूत बसवलेले किंवा जोडलेले नमुने पाण्यात बुडवू नयेत. ते सुटून येतात. शिवाय रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळली की घनता वाढते. म्हणून घनता फार कमी आली तर दात नकली असे म्हणता येते; ती योग्य आली तर दात खराच असे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत यापुढे जाता येते. पुरलेली हाडे आणि दात भूजलातील फ्लोरीन हळूहळू शोषून घेतात. एकाच जागी एकाच काळी पुरलेल्या अवशेषांत फ्लोरीनचे प्रमाण साधारण सारखे असावे लागते. या साध्या तर्काने विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेली लबाडी उघडकीला आली. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे मानवाचा प्राचीन पूर्वज सापडल्याचे १९१२ मध्ये जाहीर झाले होते. कवटी माणसासारखी, जबडा वानरासारखा आणि दाढा माणसासारख्या सपाट झिजलेल्या! १९४९ मध्ये केनेथ ओकले यांनी फ्लोरीन मोजले, तेव्हा हे अवशेष सांगितले जात होते तेवढे जुने नाहीत असे दिसले. १९५३ मध्ये ओकले, वायनर आणि ल ग्रो क्लार्क यांनी दाखवून दिले, की जबडा अलीकडच्या वानराचा असून दाढा कानशीने घासलेल्या आहेत. कानशीचे ओरखडे भिंगाखाली दिसत होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जबडा ओरांगउटानचा होता आणि दातांच्या पोकळ्यांत बारीक खडे भरून वर लांबी लावलेली होती. कानशीचे ओरखडे चाळीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नाहीत, कारण मूळ नमुने फार थोड्यांना हाताळायला मिळाले. बहुतेकांनी साच्यांवरच अभ्यास केला.

बाजारातील युक्त्या

पोकळीत खडे भरणे आणि लांबी लावणे ही युक्ती आजही चालते. मोरोक्कोतील खूरिब्गा परिसरात फॉस्फेटच्या प्रचंड खाणी आहेत. तेथील थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीपासून इओसीनपर्यंतच्या समुद्राचे असल्यामुळे मोसासॉर नावाच्या समुद्री सरड्यांचे आणि शार्कांचे दात तेथे अमाप निघतात. मोरोक्कोच्या आग्नेय भागातील केम केम थरांतून स्पायनोसॉरस या डायनोसॉरचे दात येतात. ते सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेथील कितीतरी कुटुंबांचे पोट या कामावर चालते. अखंड दाताला किंमत चांगली येते, तुटक्याला येत नाही. म्हणून एकाचे शिखर, दुसऱ्याचे मूळ, मध्ये वाळू आणि सरस अशी जोडणी होते. यातील प्रत्येक तुकडा खरा, पण तसा दात कोणत्याही प्राण्याच्या तोंडात कधीच नव्हता.

हे ओळखण्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. भिंगातून शिखर आणि मूळ यांच्या सांध्यावर पाहावे. खऱ्या दातावरील रेषा आणि भेगा सांध्यापलीकडे सलग जातात. जोडलेल्या दातात त्या अचानक थांबतात.

२. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसली तर ते साच्यात ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे असण्याची शक्यता फार.

३. जबड्याच्या तुकड्यात ओळीने बसवलेले दात असतील तर त्यांच्याभोवतीच्या वाळूकडे पाहावे. खऱ्या खडकात थर आणि लहानमोठे कण असतात. सरसात कालवलेली वाळू एकसारखी दिसते आणि नखाने खरवडता येते.

४. अंधारात अतिनील दिव्याखाली सरस आणि लांबी बहुधा दातापेक्षा वेगळ्या रंगाने चमकतात. काही खरे दातही चमकतात, म्हणून चमक आहे की नाही यापेक्षा ती सर्वत्र सारखी आहे का, हे महत्त्वाचे.

५. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन कापसाच्या बोळ्याला लावून कोपऱ्यात हलकेच फिरवावे. रंग उतरला तर रंगकाम झालेले आहे. हे काम शिक्षकांनी स्वत:, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर करावे.

६. दोन दातांवर तीच भेग, तोच डाग त्याच जागी दिसला तर दोन्ही एकाच साच्यातून आलेले आहेत.

दुरुस्ती म्हणजे लबाडी असे मात्र समजू नये. संग्रहालयेही तुटलेले दात जोडतात. फरक इतकाच, की संग्रहालय ते नोंदवून ठेवते.

तिसरा प्रश्न : कोणाचा दात?

दात ओळखायला शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आधी ओळखीचे दात जमवणे. बकरी, म्हैस, डुक्कर, कुत्रा, उंदीर, मुशी असे मिळतील तितके अलीकडचे दात उकळून, स्वच्छ करून, नाव लिहून एका पेटीत ठेवावेत. ही पेटी अनेक चित्रांपेक्षा अधिक शिकवते.

काही ढोबळ खुणा सांगतो. शार्कचा दात चपटा, मूळ बहुधा दोन फाट्यांचे आणि शिखरापेक्षा निस्तेज. मेगॅलोडॉन या लुप्त शार्कच्या दाताला करवतीसारखे बारीक दाते असतात आणि त्याची तिरकी उंची १८ सेंटिमीटरपर्यंत भरते. मोसासॉरचा दात जाड शंकूसारखा, दोन धारा असलेला. मगरीचा दातही शंकूसारखा, पण बुडाशी पोकळ आणि उभ्या रेघांचा. स्पायनोसॉरसचा दात सरळ आणि रेघांचा असल्यामुळे मगरीच्या दाताशी त्याची गल्लत होते. बाजारात ही गल्लत नेहमी महागड्या नावाच्या बाजूनेच होते! मोसासॉर हा डायनोसॉर नव्हे, हेही 'डायनोसॉरचा दात' विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. मांसाहारी डायनोसॉरांपैकी बहुतेकांचा दात मागे वळलेला, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा आणि दातेरी धारेचा असतो.

एका दाढेला दोन किंवा अधिक मुळे फुटलेली दिसली तर ती जवळजवळ नेहमी सस्तन प्राण्याची असते. गाय-म्हशीच्या दाढेवर चंद्रकोरीसारखी इनॅमलची वळणे दिसतात. घोड्याची दाढ उंच चौकोनी खांबासारखी असून तिच्या माथ्यावर इनॅमलच्या गुंतागुंतीच्या घड्या असतात. हत्तीची दाढ म्हणजे एकापुढे एक रचलेल्या पाट्या. दाढ फुटली की सुटी पाटी मिळते आणि ती दाताचा भाग आहे हे सांगूनही पटत नाही.

तरीही एकट्या, झिजलेल्या दातावरून मोठे अभ्यासकही चकतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री ऑस्बर्न यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतला पहिला मानवसदृश वानर जाहीर केला. दात खरा होता, जीवाश्म होता, कोणी लबाडी केलेली नव्हती. पण तो कुठे मिळाला याची नोंद होती. त्यामुळे अभ्यासक पुन्हा त्या जागी गेले, आणखी अवशेष मिळवले, आणि १९२७ मध्ये विल्यम ग्रेगरी यांनी लिहिले की तो पेकारी या डुकरासारख्या प्राण्याच्या लुप्त भाऊबंदाचा दात आहे. जागा माहीत होती म्हणून पाच वर्षांत चूक दुरुस्त झाली.

चौथा प्रश्न : कुठला?

आता याच्या उलट उदाहरण पाहू. चिनी औषधांच्या दुकानांत जीवाश्म दात 'ड्रॅगनचे दात' म्हणून पूड करण्यासाठी विकले जात. १९३५ मध्ये राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात एक प्रचंड दाढ मिळाली. तिच्यावरून त्यांनी जायगँटोपिथेकस या महाकाय वानराला नाव दिले. ओळख अचूक होती. पण दाढ आली कुठून? तिच्यासोबत कोणते प्राणी होते? ती किती जुनी? दुकानदार काय सांगणार! दक्षिण चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील गुहांमध्ये १९५६ पासून हे अवशेष मूळ जागी सापडू लागले, तेव्हा कुठे या प्रश्नांना उत्तरे मिळू लागली. त्यात वीस वर्षे गेली, आणि तोवर किती दाढा पूड होऊन पोटात गेल्या याची गणती नाही.

जागा माहीत नसणे वाईट, पण खोटी जागा त्याहून वाईट. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. हिमालयातून मिळाल्याचे सांगून एका भारतीय भूवैज्ञानिकाने वर्षानुवर्षे जे जीवाश्म प्रसिद्ध केले होते, त्यांतील कितीतरी मुळात हिमालयातले नव्हतेच, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. त्यांत कोनोडॉन्ट होते. कोनोडॉन्ट म्हणजे ईलसारख्या लहान लुप्त प्राण्यांच्या मुखातील दातांसारखे सूक्ष्म अवयव. खडकाचे वय ठरवण्यासाठी ते फार उपयोगी पडतात. काही कोनोडॉन्ट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रसिद्ध जागच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. ते अवयव अस्सल होते. भिंग, अतिनील दिवा, घनता, कोणत्याही चाचणीत ते उत्तीर्ण झाले असते. खोटी होती ती फक्त चिठ्ठी. पण त्या चिठ्ठीच्या भरवशावर इतरांनी हिमालयातील थरांची वये ठरवली होती, आणि तो सगळा पसारा पुन्हा तपासावा लागला.

योग्य नोंद असली तर लहानसा दातही किती सांगतो, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. दख्खनच्या लाव्हाचे थर एकामागून एक पसरत असताना मधल्या शांततेच्या काळात तळी तयार झाली आणि त्यांत गाळ साठला. आजच्या तेलंगणातील नस्कल येथील अशा गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे, एकदोन मिलिमीटरचे दात प्रसिद्ध केले. भारतात क्रिटेशस काळात सस्तन प्राणी होते याचा तो पहिला पुरावा. नागपूर परिसरातील जीवाश्मांचा एकोणिसाव्या शतकात अभ्यास करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ या प्राण्याला 'डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी' असे नाव दिले गेले. हाच दात चिठ्ठीवाचून एखाद्या डबीत असता तर तो खसखशीच्या दाण्यासारखा एक कण ठरला असता. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तो मिळाला, म्हणून त्याला अर्थ आला.

आपल्या नद्यांच्या काठी

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना खरा जीवाश्म दात मिळण्याची शक्यता नद्यांच्या जुन्या गाळात अधिक. गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे वर्णन गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्येच प्रसिद्ध केले होते. गोदावरी, प्रवरा, घोड, मांजरा या नद्यांच्या वाळू-गोट्यांच्या घट्ट थरांतून हत्ती, रानबैल, घोडा, पाणघोडा यांचे अवशेष मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या कामात मोठा वाटा उचलला आहे.

येथे चौथ्या प्रश्नाचे महत्त्व अगदी हातात येते. लुप्त रानबैलाची झिजलेली दाढ आणि शेतकऱ्याच्या बैलाची दाढ यांत हौशी माणसाला फरक सांगणे कठीण जाते. ती दरडीतील घट्ट थरात रुतलेली मिळाली, की पात्रातल्या सुट्या वाळूवर पडलेली, यावर निम्मा निकाल लागतो. ती दाढ उपटून, धुऊन, खिशात घालून आणली की हा पुरावा कायमचा गेला. नदीला पुढचा पूर आला की दरडही जाते.

म्हणून दात थरात रुतलेला दिसला तर तो काढू नये. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून जवळून आणि लांबून छायाचित्रे घ्यावीत, जागा नोंदवावी आणि जवळच्या महाविद्यालयाचा भूविज्ञान विभाग, डेक्कन कॉलेज किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय यांना कळवावे. दात आधीच सुटा पडलेला असेल आणि उचलावा लागला, तर त्याच दिवशी पुढील गोष्टी लिहून काढाव्यात : गाव, तालुका, जिल्हा, नदीचा डावा की उजवा काठ, पाण्यापासून उंची, थर कसा होता, मुरूम, वाळू, गोटे की काळी माती, सोबत काय मिळाले, तारीख आणि शोधणाऱ्याचे नाव. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहावेत. दातावर एका कोपऱ्यात शाईने बारीक क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत असावा. चिठ्ठ्या हरवतात, क्रमांक राहतो. हिमाचलमधील साकेतीसारख्या संरक्षित जीवाश्म उद्यानांत काहीही उचलू नये. परदेशातून आणलेल्या दाताबाबतही, तो त्या देशाबाहेर परवानगीने आला होता का, हे विचारावे. मोरोक्कोसह अनेक देशांत अशी परवानगी लागते.

शाळेच्या कपाटात आधीपासून असलेल्या दातांचे काय? ते देणारी माणसे गावात असतील तर त्यांना विचारता येईल. निवृत्त शिक्षक, जुने विद्यार्थी, जुनी नोंदवही, जेथून मिळेल तेथून माहिती गोळा करावी आणि कोणी सांगितले तेही लिहावे. जे ठाऊक नाही तेथे 'माहीत नाही' असे स्वच्छ लिहावे. अंदाजाने भरलेले गावाचे नाव पुढच्या पिढीला खरेच वाटेल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम एका सत्रात सहज होण्यासारखे आहे. त्यातून एखादा दात गावच्या बैलाचाच निघाला तर त्याची चिठ्ठी 'बैल, अलीकडचा' अशी बदलावी, आणि तो ओळखीच्या दातांच्या पेटीत ठेवावा. पुढच्या वर्षी नदीवरून कोणी दाढ घेऊन आला, की पहिली तुलना त्याच दाताशी करायची आहे.